वाट दारापर्यंत न्या : गावच्या वाटांचा कारभार पाहणाऱ्यांना खुले पत्र

सन्माननीय सदस्यहो, अभियंता आणि कंत्राटदार मंडळी,

सप्रेम नमस्कार.

गावातल्या पायवाटा नव्याने बांधायचं ठरलं आहे हे कळल्यापासून हे पत्र मनात घोळत होतं. आखणीचा चुना पडण्याआधी, खडीचा पहिला ढीग उतरण्याआधी ते तुमच्या हाती पडावं म्हणून आज लिहायला बसले. सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण माझ्या घरची अडचण कमीजास्त फरकाने गावातल्या कितीतरी घरांत आहे, आणि ती घरं आजवर गप्प बसली आहेत.

माझी आई चाकाच्या खुर्चीत असते. पाय गेले, हात मात्र शाबूत आहेत. सपाट जमिनीवर ती खुर्ची स्वतः चालवते आणि मी मागून धरलं तर रागावते. आमच्या दारापासून आरोग्य केंद्राचं फाटक जेमतेम दोनशे मीटरवर आहे. वाट काँक्रीटची आहे, तशी बरी आहे. फाटकाच्या तोंडाशी गटारावर ढापा टाकलेला आहे आणि त्या ढाप्याची कड वाटेपेक्षा चार बोटं वर आहे. धडधाकट माणसाला ती दिसतसुद्धा नाही, पाऊल आपोआप उचललं जातं. खुर्चीची पुढची लहान चाकं मात्र त्या कडेला भिडली की खुर्ची जागच्या जागी थांबते आणि बसलेलं माणूस पुढे झुकतं. पहिल्यांदा हे झालं तेव्हा आई पडता पडता वाचली. तेव्हापासून तिथे पोचलं की मी खुर्ची उलटी फिरवते, मागची मोठी चाकं ढाप्यावर ओढून घेते आणि मग पुढची चाकं चढवते. तेवढा वेळ आईचं तोंड घराकडे असतं. दोन्ही हातांनी ती खुर्चीचे दांडे घट्ट धरते आणि डोळे मिटते. काम अर्ध्या मिनिटाचं आहे. पण त्या अर्ध्या मिनिटामुळे ती औषध आणायला एकटी कधीच जाऊ शकलेली नाही. मी कामावरून परत येईपर्यंत तिला थांबावं लागतं.

दोनशे मीटर वाट केली, तिचं मोजमाप झालं, बिल निघालं. आईच्या दृष्टीने ती वाट फाटकाच्या अलीकडे एका हातावर संपते.

मला तुम्हाला मुख्यतः हेच सांगायचं आहे. वाट जिथे तुटते तिथेच ती संपते, मग अलीकडचा भाग कितीही गुळगुळीत असो. म्हणून तुमच्या कागदांवर किती मीटर काम झालं याच्या शेजारी आणखी एक रकाना असावा: कुठल्या दारापासून कुठल्या दारापर्यंत माणूस एकटा, कुणाच्या हाताशिवाय, पोचू शकतो. पैसे थोडे असतील तर दोन किलोमीटर तुटक वाट करू नका. घरं, पाणवठा, शाळा, आरोग्य केंद्र आणि बसथांबा यांना जोडणारी एकच वाट धरा आणि ती शेवटच्या उंबऱ्यापर्यंत पुरी करा. बाकीच्या पुढच्या वर्षी होतील. पुरी झालेली एक वाट दुसऱ्याच दिवसापासून वापरात येते. चार अर्धवट वाटांचा खुर्चीतल्या माणसाला काहीच उपयोग होत नाही.

जगात गावांची दळणवळणाची सोय मोजायची एक रूढ पद्धत आहे. बारमाही रस्त्यापासून दोन किलोमीटरच्या आत किती लोक राहतात हे पाहतात आणि त्यावरून टक्केवारी काढतात. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांमध्येही हे माप आहे. दोन किलोमीटर म्हणजे साधारण वीस-पंचवीस मिनिटांची चाल, असा त्यामागचा हिशेब. हा हिशेब चालणाऱ्या माणसाचा आहे. ज्याच्या गुडघ्यात कळ येते, जिचे दिवस भरत आले आहेत, ज्याला दिसत नाही, त्यांना ते दोन किलोमीटर किती जड जातात हे या मोजणीत कुठेच येत नाही. रस्ता गावापर्यंत आला की आपण सुटकेचा श्वास टाकतो. तिथून दारापर्यंतची वाट कुणाच्या खात्यात पडते हेच ठरलेलं नसतं.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार १३ डिसेंबर २००६ रोजी स्वीकारला गेला. त्याच्या ९ व्या कलमात इमारती, रस्ते आणि वाहतूक सर्वांना वापरता आली पाहिजे असं म्हटलं आहे, आणि तिथेच स्पष्ट शब्दांत शहरी भागाबरोबर ग्रामीण भागाचंही नाव आहे. ‘हे सगळं शहरात ठीक आहे’ असं मला एकदा ऐकवलं गेलं होतं. ज्यांनी ते ऐकवलं त्यांनी ते कलम एकदा वाचावं, एवढीच विनंती. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगातल्या सुमारे दर सहा माणसांमागे एकाला लक्षणीय अपंगत्व आहे. आपल्याला ती माणसं वाटेवर दिसत नाहीत, कारण ती वाटेवर येऊच शकत नाहीत. मग ‘आपल्याकडे अशी माणसं आहेतच किती’ असा प्रश्न निघतो. मोजायचं असेल तर घराघरांत जाऊन मोजा.

आता कामाचं बोलते. यातलं बरंच तुम्हाला माहीत असेल, तरी लिहिते, कारण आराखड्यात असतं ते प्रत्यक्ष कामात राहतंच असं नाही.

उतार ही पहिली गोष्ट. चाकाच्या खुर्चीसाठी रॅम्पचा उतार जास्तीत जास्त बारास एक, म्हणजे एक फूट वर जायचं तर रॅम्पची लांबी बारा फूट हवी. लांबवरच्या वाटेवर विसास एकपेक्षा जास्त चढ नसावा, कारण तिथे माणसाला आपल्या हातांच्या बळावर बराच वेळ जायचं असतं. आरोग्य केंद्राचं जोतं वाटेपासून ४५ सेंटीमीटर उंच असेल, तर बारास एकच्या उताराला ५.४ मीटर लांबी लागते आणि विसास एकच्या उताराला ९ मीटर. जागा नाही म्हणून तिथे दीड मीटरचा रॅम्प ओततात. त्यावरून आईला वर चढवणं माझ्या ताकदीबाहेरचं आहे, आणि उतरवताना हात निसटला तर काय होईल याचा विचारही मला करवत नाही. जागा कमी असेल तर रॅम्प वळवा, भिंतीला समांतर न्या. वळणावर आणि दोन्ही टोकांना दीड मीटरची सपाट जागा सोडा, म्हणजे खुर्ची थांबवता येईल, फिरवता येईल, दार उघडता येईल. लांब रॅम्पला दर ९ मीटरनंतर असा टप्पा हवाच. दोन्ही बाजूंना ८५ ते ९० सेंटीमीटर उंचीचे कठडे हवेत, आणि चाक घसरून बाहेर जाऊ नये म्हणून खालच्या कडेला छोटासा उंचवटा.

रुंदीचं सोपं आहे. एका खुर्चीला ९० सेंटीमीटर पुरतात, पण पुरतात एवढंच. खुर्ची आणि शेजारून चालणारं माणूस यांना १.२ मीटर लागतात, खुर्ची वळवायला १.५ मीटर, समोरासमोर आलेल्या दोन खुर्च्यांना १.८ मीटर. सगळीकडे रुंद वाट होणार नसेल तर ठरावीक अंतरावर बाजूला सरकायची जागा करा. गुरं, डोक्यावर ओझी घेतलेल्या बाया, हातगाडी यांनाही तिचा तितकाच उपयोग होतो.

पाण्याबद्दल मात्र सविस्तर लिहिलंच पाहिजे, कारण वाटा मोडतात त्या पाण्याने. पाणी साचलं की खालचा भराव मऊ होतो, भराव बसला की वरचा थर तडकतो, तडा गेला की पुन्हा पाणी आत शिरतं. दोन पावसाळ्यांत वाटेची चाळण होते. त्यासाठी वाटेला रुंदीत एका बाजूला थोडा ढाळ द्यावा लागतो, आणि इथेच चालणाऱ्याची आणि खुर्चीची गरज वेगळी होते. पाणी जायला दर मीटरला दोन सेंटीमीटर ढाळ पुरेसा आहे. गवंडी सवयीने चार-पाच सेंटीमीटर देतो. चालणाऱ्याला तो कळत नाही. खुर्ची मात्र सारखी खालच्या बाजूला ओढली जाते आणि माणसाला एका हाताने ब्रेक धरून दुसऱ्या हाताने सगळा जोर लावत जावं लागतं. आई असल्या वाटेवरून आली की रात्री उजवा खांदा शेकते. म्हणून ढाळ दोन सेंटीमीटरच ठेवा, आणि बाकीचं पाणी बाजूच्या गटाराने आणि वाटेखालच्या मोऱ्यांनी काढा. मोरीचा पाइप बारीक टाकला की पहिल्याच जोराच्या पावसात त्यात पालापाचोळा अडकतो आणि पाणी वाटेवरून वाहतं. जे पाइपात वाचवलं ते वाट दुरुस्त करण्यात जातं.

गटारावर जाळी बसवाल तेव्हा तिच्या पट्ट्या चालण्याच्या दिशेला आडव्या येतील अशा ठेवा, आणि फट सव्वा सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. पट्ट्या उभ्या आल्या तर खुर्चीचं पुढचं चाक आणि काठीचं टोक नेमकं त्या फटीत जातं.

काँक्रीटच पाहिजे असा माझा हट्ट नाही. नीट दाबलेली बारीक खडी आणि दगडाची भुकटी, पाणी मारून, रोलर फिरवून घट्ट बसवली तर खुर्ची त्यावरून छान चालते. नुसती सैल खडी पसरून ठेवू नका. तिच्यात चाक रुततं, काठी रुतते, म्हाताऱ्या माणसाचा पाय मुरगळतो. पेव्हर ब्लॉक बसवणार असाल तर खालचा थर आणि कडेचे दगड पक्के करा. कड सुटली की वाळू वाहून जाते आणि ब्लॉक एकेक करून डुगडुगू लागतात. काँक्रीट करणार असाल तर ते घोटून आरशासारखं करू नका. ओलं असताना त्यावरून आडवा झाडू फिरवा, म्हणजे पावसात पाय धरून राहील.

एक गोष्ट मला फार टोचते, म्हणून ती जरा स्पष्ट लिहिते. जुन्या थरावर नवा थर टाकायची पद्धत बंद करा. दर वेळी वाट वितभर वर येते. मग घरं खाली जातात, दारात पायरी तयार होते, पावसाचं पाणी घरात शिरतं, आणि घरमालक दारापुढे उंचवटा बांधतो. तो उंचवटा पुन्हा वाटेत येतो. मग दोघेही एकमेकांना दोष देतात. जुना थर खरवडून काढा, मूळ पातळी धरा, आणि काम सुरू करण्याआधी प्रत्येक दाराच्या उंबऱ्याची पातळी लिहून घ्या. पाण्याच्या नळीने ती मोजायला एक दुपार लागते.

आमच्या शेजारच्या काकांना दिसत नाही. त्यांच्याबरोबर एकदा पाणवठ्यापर्यंत गेले होते. काठीचं टोक ते वाटेच्या कडेने घासत नेतात, कडेच्या आवाजावर चालतात. एका जागी ते थांबले आणि म्हणाले, ‘इथे कड संपते. इथून पुढे मी मोजून चालतो, बावीस पावलं.’ त्या बावीस पावलांत वाट मैदानात मिसळून जाते, उजव्या हाताला उघडा खड्डा आहे. एकदा त्यांचा आकडा चुकला होता. कपाळावरची खूण त्यांनी मला हाताने दाखवली.

त्यांना हवी ती सोय महाग नाही. वाटेच्या एका बाजूला सलग, हाताला आणि काठीला कळेल अशी कड. जिथे वाट रस्ता ओलांडते, जिथे पायऱ्या सुरू होतात, जिथे पाणवठा येतो, तिथे पायाखालचा पोत बदललेला. जपानमधल्या सेइइची मियाके यांनी १९६५ साली यासाठी उठावाच्या फरश्या तयार केल्या आणि १९६७ साली ओकायामा शहरात अंधशाळेजवळ त्या पहिल्यांदा बसवल्या गेल्या. लांबट रेघा म्हणजे चालत राहा, गोल ठिपके म्हणजे थांबा, पुढे काहीतरी आहे. गावभर त्या बसवायची गरज नाही, पण जिथे धोका आहे तिथे ठिपक्यांच्या चार फरश्या तरी बसवा. मात्र त्या खांबावर किंवा भिंतीवर नेऊन सोडू नका, कारण काका त्या फरशांवर विश्वास ठेवून चालणार आहेत. पायरीच्या कडेला फिक्या रंगाचा ठळक पट्टा ओढा. नजर अधू झालेल्या कितीतरी माणसांना तेवढा पुरतो.

आणि वर पाहा. काठीला जमिनीवरचं कळतं, डोक्याच्या उंचीवरचं कळत नाही. वाकलेली फांदी, खांबाला बांधलेली तार, भिंतीतून बाहेर आलेली खिडकीची झडप हे सगळं थेट तोंडावर येतं. वाटेवर किमान २.१ मीटर उंचीपर्यंत काहीही नको.

बसायच्या जागा विसरू नका. आरोग्य केंद्रापर्यंत न थांबता चालू शकणारी म्हातारी माणसं थोडी असतात. दर पन्नासएक मीटरवर ४५ सेंटीमीटर उंचीचा बाक, त्याला पाठ हवी आणि उठताना जोर द्यायला हात हवेत. सिमेंटचा सपाट ओटा बसायला चालतो, पण त्यावरून उठणं दुखऱ्या गुडघ्यांना जड जातं. बाकाच्या शेजारी एका खुर्चीपुरती मोकळी जागा ठेवा, म्हणजे आईला मैत्रिणीशेजारी बसता येईल. आज ती वाटेच्या मधोमध असते आणि दर दोन मिनिटांनी तिला कुणासाठी तरी बाजूला व्हावं लागतं.

मोटारसायकली पायवाटेवर येतात हे खरं आहे, आणि त्या अडवायला वाटेच्या तोंडाशी लोखंडी खांब रोवायची सूचना येणार हेही मला माहीत आहे. खांबांमध्ये किमान ९० सेंटीमीटर अंतर ठेवाल तर खुर्ची जाईल, पण मोटारसायकलही जाईल. त्याहून कमी ठेवाल तर मोटारसायकल अडो न अडो, खुर्ची अडायची भीती आहे. खांबांनी यातून पुरती सुटका होत नाही. वाट वळणदार ठेवणं, तोंडाशी पायाखालचा पोत बदलणं आणि गावाने एकदा बसून नियम करणं, यावर मी जास्त भर देईन. काही झालं तरी खुर्ची अडवून मोटारसायकल थांबवू नका.

वाट झाल्यावर ती उकरली जाते, हे दुखणं सगळ्यांना ठाऊक आहे. पाइप टाकायला चर खणतात, माती तशीच लोटतात, वर सिमेंटचा हात फिरवतात. पहिल्या पावसात चर बसतो आणि वाटेला आडवी नाली पडते. खुर्चीला एवढी नाली पुरते. चर भरताना मातीचे १५-२० सेंटीमीटरचे थर द्यावे, प्रत्येक थर दाबावा, आणि ज्याने खणलं त्यानेच एक पावसाळा जाईपर्यंत त्याची जबाबदारी घ्यावी. ही अट कामाच्या करारातच घाला. त्याहून चांगलं म्हणजे वाट बांधतानाच तिच्याखालून दोन-चार रिकामे पाइप आडवे टाकून ठेवा. पुढे कुणाला नळ किंवा तार न्यायची झाली तर वाट फोडावी लागणार नाही.

गावकऱ्यांनाही दोन शब्द. वाट रुंद करायची तर कुणाची पायरी मागे घ्यावी लागेल, कुणाचं कुंपण हातभर आत जाईल. त्यावरून भांडणं होतील. आमच्या घरापुढची पायरी आम्ही स्वतः काढून घेऊ, हे मी इथे लिहून देते. जी घरं हातभर जागा देतील त्यांच्यापुढची वाट आधी आणि नीट करून द्या, म्हणजे बाकीच्यांना विश्वास वाटेल.

शेवटची मागणी आखणीची. आराखडा मंजूर होण्याआधी, ज्यांना वाटेचा सगळ्यात जास्त त्रास होतो त्यांच्याबरोबर ती वाट एकदा चाला. खुर्चीतलं माणूस, काठीवालं माणूस, पोटुशी बाई, नातवाचं बोट धरलेली आजी. जिथे कुणी थांबेल तिथे चुन्याने फुली मारा, का थांबले ते लिहून घ्या. काम पुरं झाल्यावर याच माणसांना पुन्हा बोलवा आणि त्यांच्या सहीशिवाय शेवटचं बिल काढू नका. काँक्रीटची ताकद तपासायला नमुने घेता, मग वाट चालते की नाही हे चालणाऱ्यांकडूनच तपासून घ्या.

तुम्हाला सोयीच्या कोणत्याही सकाळी आमच्या दारापासून निघू. टेप आणि पाण्याची नळी घेऊन या. खुर्चीत आई बसेल, तुम्ही आळीपाळीने ढकला. ढाप्यापाशी खुर्ची कशी फिरवायची ते मी दाखवेन. शेजारचे काकाही येतील, बावीस पावलांची जागा ते स्वतः दाखवणार आहेत. निघायची वेळ तेवढी आदल्या दिवशी कळवा, आईला तयार व्हायला तासभर लागतो.

आपली नम्र,
गावातली एक रहिवासी